मेंदूतील रक्तस्रावानंतर रक्तदाबाची औषधे : पहिल्या तासापासून पुढच्या वर्षांपर्यंत

पक्षाघाताचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात : मेंदूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद पडल्यामुळे होणारा आणि वाहिनी फुटून मेंदूच्या गाभ्यात रक्त उतरल्यामुळे होणारा. दुसरा प्रकार संख्येने कमी आहे. पाश्चात्य देशांत तो एकूण पक्षाघातांच्या १० ते १५ टक्के, तर आशियात त्याहून बराच अधिक आढळतो. घातकतेत मात्र तो पहिल्यापेक्षा कितीतरी पुढे असून त्याचे सुमारे ४० टक्के रुग्ण पहिल्या महिन्यातच दगावतात, आणि जे वाचतात त्यांतील अनेकांना पुढे दुसऱ्याच्या आधारावाचून वावरता येत नाही. या रक्तस्रावाचे सर्वांत मोठे कारण वर्षानुवर्षे चढा राहिलेला रक्तदाब हे आहे. शिवाय रुग्ण रुग्णालयात पोचतो तेव्हाही त्याचा दाब बहुधा फार वाढलेला असतो. तो दाब औषधाने उतरवावा का, उतरवायचा तर किती, किती वेळात आणि त्यानंतर किती काळ, हे प्रश्न वैद्यकात अनेक दशके वादाचे होते. गेल्या वीस वर्षांत त्यांतील बऱ्याच भागाची उत्तरे मिळाली आहेत. परंतु संशोधनाचे लक्ष पहिल्या चोवीस तासांवर जितके खिळले तितके ते रुग्ण घरी गेल्यानंतरच्या वर्षांकडे वळले नाही, आणि अधिक निश्चित लाभ नेमका तेथेच आहे, असे या विषयाचा आढावा घेताना दिसून येते. मेंदूच्या आवरणांखाली, वाहिनीवरील फुगा फुटून होणाऱ्या रक्तस्रावाचे उपचार वेगळे असल्यामुळे त्याचा विचार येथे केलेला नाही.

मेंदूच्या खोल भागांना रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या मोठ्या धमनीपासून जवळजवळ काटकोनात फुटतात, त्यामुळे मोठ्या धमनीतील दाब मधल्या टप्प्यांत फारसा न ओसरता थेट त्यांच्या भिंतींवर येतो. दाब वर्षानुवर्षे चढा राहिला की या भिंतींतील स्नायूंचा थर झिजतो, भिंत ठिसूळ होते आणि एखाद्या दिवशी ती फुटते. पॅरिसमध्ये शार्को आणि बुशार या वैद्यांनी १८६८ साली अशा धमन्यांवरील सूक्ष्म फुगवट्यांचे वर्णन केले, तेव्हापासून रक्तदाब आणि रक्तस्राव यांचा संबंध अभ्यासकांच्या नजरेत आहे. वृद्धांमध्ये आणखी एक कारण आढळते : मेंदूच्या पृष्ठभागाजवळील वाहिन्यांच्या भिंतींत अमायलॉइड नावाचे प्रथिन साचून त्या कमकुवत होतात व रक्तस्राव खोलवर न होता बाहेरच्या भागात होतो. पहिल्या काही तासांच्या उपचारांत या दोहोंमध्ये फारसा फरक केला जात नाही. तो पुढे, रक्तस्राव पुन्हा होण्याचा धोका तोलताना, महत्त्वाचा ठरतो.

रुग्णालयात आलेल्या रुग्णाचा दाब का चढलेला असतो, याला एकच उत्तर नाही. मूळचा उच्च रक्तदाब आणि सोडून दिलेल्या गोळ्या हे एक कारण. डोकेदुखी, उलट्या, भीती, तुंबलेले मूत्राशय हे दुसरे. केवळ मूत्रनळी घातल्याने आणि वेदना शमवल्याने दाब बराच उतरल्याचे अतिदक्षता विभागात नेहमी पाहायला मिळते, म्हणून औषधाकडे वळण्याआधी या साध्या गोष्टी पाहून घेणे आवश्यक असते. तिसरे कारण अधिक गंभीर आहे. कवटी हाडांची व न ताणणारी असल्यामुळे आत रक्त साकळले की आतला दाब वाढतो, आणि मेंदूपर्यंत रक्त पोचते ठेवण्यासाठी शरीर धमन्यांतील दाब आपणहून चढवते. हार्वे कुशिंग या शल्यचिकित्सकाने १९०१ च्या सुमारास प्रयोगांनी दाखवलेली ही प्रतिक्रिया आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

या तिसऱ्या कारणावरच जुन्या मताची इमारत उभी होती. वाढलेला दाब ही मेंदूने स्वतःच्या बचावासाठी केलेली तजवीज आहे, ती मोडली तर साकळलेल्या रक्ताच्या गोळ्याभोवतीचा मेंदू उपाशी पडेल, असा तो युक्तिवाद होता, आणि तो निराधार म्हणता येत नाही. मेंदूला मिळणारा प्रत्यक्ष रेटा म्हणजे धमन्यांतील सरासरी दाबातून कवटीच्या आतला दाब वजा करून उरलेला आकडा. सरासरी दाब काढण्याची रीत सोपी आहे : खालच्या आकड्यात वरच्या व खालच्या आकड्यांतील फरकाचा एक तृतीयांश मिळवायचा. दाब १८० वर ९० असेल तर सरासरी १२० येते. कवटीतील दाब २० धरला तर मेंदूच्या वाट्याला १०० उरतात. तोच दाब १४० वर ८० केला तर सरासरी १०० आणि उरलेला रेटा ८०, म्हणजे सर्वसाधारणपणे आवश्यक मानल्या जाणाऱ्या ६० च्या बराच वर. यावरून मध्यम आकाराच्या रक्तस्रावात १४० चे लक्ष्य मेंदूला उपाशी ठेवणारे नाही, हे कागदावर तरी पटते. परंतु कवटीतील दाब ४० झालेला असेल तर हाच हिशेब काठावर येतो. शिवाय जुन्या उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत वाहिन्या चढ्या दाबाला सरावलेल्या असल्यामुळे निरोगी माणसाला सोसणारी घट त्यांना सोसेलच असे नसते.

विरुद्ध बाजूचा युक्तिवाद रक्तस्राव थांबण्याविषयीचा होता. वाहिनी फुटते, रक्त येते आणि काही मिनिटांत सारे संपते, अशी समजूत पूर्वी होती. सिनसिनाटी येथील अभ्यासकांनी १९९७ साली १०३ रुग्णांचे सीटी स्कॅन ठरावीक अंतराने पुन्हा करून पाहिले, तेव्हा पहिल्या स्कॅननंतरच्या एका तासातच २६ टक्के रुग्णांत रक्ताचा गोळा लक्षणीय वाढलेला आढळला, आणि पुढच्या वीस तासांत आणखी १२ टक्क्यांत. मिलर फिशर या न्यूरॉलॉजिस्टने १९७१ मध्येच सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षणांवरून याची कल्पना मांडली होती : एक वाहिनी फुटून वाढणारा गोळा भोवतालच्या ऊतींना ताण देतो, त्या ताणाने शेजारच्या बारीक वाहिन्या तुटतात आणि दरड कोसळताना कडेचे दगडही ओढले जावेत तसा रक्तस्राव कडेकडेने पसरत जातो. गोळ्याचा आकार आणि रुग्णाचे भवितव्य यांचा संबंध तर अगदी थेट आहे. तो ३० मिलिलिटरच्या आत असून रुग्ण बऱ्यापैकी शुद्धीवर असेल तर जगण्याची शक्यता चांगली राहते. ६० च्या वर गेला आणि शुद्ध हरपलेली असेल तर ती फारच थोडी उरते. गोळ्याचा मूळ आकार आणि रुग्णाचे वय वैद्याच्या हाती नसते, त्याची वाढ मात्र थोडीफार असू शकते; दाब उतरवण्याच्या कल्पनेतील सारे बळ येथून येते.

गोळ्याभोवतीचा मेंदू खरोखर उपाशी पडतो का, हा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. पॉझिट्रॉन उत्सर्जनावर आधारित चित्रणाने २००१ मध्ये असे दिसले की, लहान व मध्यम रक्तस्रावांत सरासरी दाब सुमारे १५ टक्क्यांनी उतरवला तरी गोळ्याभोवतीचा रक्तप्रवाह घटत नाही. पुढे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अडाप्ट या कॅनडातील चाचणीत ७५ रुग्णांना १५० किंवा १८० खालच्या लक्ष्यांच्या दोन गटांत विभागून रक्तप्रवाह मोजला गेला व दोन्ही गटांत तो जवळपास सारखाच निघाला. एक शंका मात्र उरली आणि ती अजूनही पूर्ण फिटलेली नाही : रक्तस्रावाच्या अनेक रुग्णांत एमआरआयवर, गोळ्यापासून दूर, रक्तपुरवठा तुटल्याचे बारीक ठिपके दिसतात, आणि काही अभ्यासांत त्यांचा संबंध दाब झपाट्याने व फार उतरवण्याशी आढळला आहे.

या पार्श्वभूमीवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या आणि त्यांचे निकाल एकमेकांना छेद देणारे आहेत असे पुष्कळ काळ मानले गेले. पहिली इंटरॅक्ट-२, क्रेग अँडरसन यांच्या नेतृत्वाखाली सिडनीच्या जॉर्ज इन्स्टिट्यूटने चालवलेली आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली. तिच्यात रक्तस्राव सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आतले २,८३९ रुग्ण होते. एका गटात वरचा दाब एका तासात १४० खाली आणायचा होता, दुसऱ्यात १८० खाली. तीन महिन्यांनंतर मृत्यू किंवा मोठे अपंगत्व यांचे प्रमाण ५२.० आणि ५५.६ टक्के असे निघाले. संख्याशास्त्राच्या रूढ कसोटीला हा फरक अगदी थोडक्यात उतरला नाही. मात्र अपंगत्वाच्या सर्व पायऱ्या एकत्र धरून केलेल्या विश्लेषणात पहिल्या गटाची स्थिती सरस ठरली. मृत्यूंची संख्या दोन्हीकडे सारखीच होती, आणि ज्या हानीची भीती होती ती दिसली नाही.

दुसरी अटॅच-२, अदनान कुरेशी यांच्या नेतृत्वाखालील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली. साडेचार तासांच्या आतले १,००० रुग्ण, निकार्डिपिन हे एकच मुख्य औषध, आणि लक्ष्ये ११० ते १३९ विरुद्ध १४० ते १७९. लाभाची आशा न उरल्यामुळे ही चाचणी मध्येच थांबवण्यात आली. मृत्यू किंवा अपंगत्व ३८.७ विरुद्ध ३७.७ टक्के, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. गोळ्याची वाढ कमी दाबाच्या गटात १८.९ टक्के रुग्णांत, तर दुसऱ्यात २४.४ टक्क्यांत झाली. हा कल अपेक्षित दिशेने असला तरी निर्णायक नव्हता. मूत्रपिंडांना इजा होण्याचे प्रमाण मात्र कमी दाबाच्या गटात ९ टक्के आणि दुसऱ्यात ४ टक्के असे दुपटीहून अधिक निघाले.

दोन्ही चाचण्यांचे निकाल शेजारी ठेवताना कागदावरील लक्ष्यांपेक्षा रुग्णांचा दाब प्रत्यक्षात कुठे पोचला होता हे पाहणे अधिक बोधप्रद ठरते. इंटरॅक्ट-२ मधील तीव्र उपचाराच्या गटाचा सरासरी दाब एका तासानंतर १५० होता आणि १४० चे लक्ष्य त्या वेळेत फक्त एक तृतीयांश रुग्णांनी गाठले होते. दुसरा गट १६४ वर होता. अटॅच-२ मध्ये पहिल्या दोन तासांतील किमान दाबाची सरासरी तीव्र गटात सुमारे १२९ आणि सौम्य मानलेल्या गटात १४१ होती. म्हणजे अटॅच-२ मधील सौम्य गट हा इंटरॅक्ट-२ मधील तीव्र गटापेक्षाही खाली होता. असे वाचले की विरोध राहत नाही : १६० च्या आसपास राहण्यापेक्षा १४० च्या आसपास येणे बरे, आणि १४० वरून १३० च्याही खाली जाण्यात लाभ नसून मूत्रपिंडांना धोका आहे, एवढेच या दोन चाचण्या मिळून सांगतात. अमेरिकन हार्ट असोसिएशन व अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना याच वाचनाला धरून आहेत : वरचा दाब १५० ते २२० असलेल्या, लहान वा मध्यम रक्तस्रावाच्या रुग्णांत १४० हे लक्ष्य, १३० ते १५० हा पट्टा, आणि १३० खाली जाणे टाळावे.

त्याच सूचनांत आणखी दोन गोष्टी आहेत व त्या आकड्यापेक्षा कमी महत्त्वाच्या नाहीत. पहिली वेळ : रक्तस्राव सुरू झाल्यापासून दोन तासांच्या आत उपचार सुरू व्हावा आणि सुरू झाल्यापासून एका तासात लक्ष्य गाठावे, गोळा वाढण्याचा काळ सुरुवातीचाच असल्यामुळे आठव्या तासाला उतरवलेला दाब पहिल्या तासाची भरपाई करू शकत नाही. दुसरी स्थिरता. इंटरॅक्ट-२ च्या रुग्णांचे पुढे जे विश्लेषण झाले त्यात दाबातील चढउतार जितके मोठे तितकी तीन महिन्यांनंतरची स्थिती वाईट, असा स्पष्ट संबंध आढळला. १४० वर टिकलेला दाब आणि ११० व १८० यांच्यामध्ये हेलकावत सरासरीने १४० भरणारा दाब या वैद्यकीय दृष्ट्या वेगळ्या अवस्था आहेत, आणि तक्त्यावरची सरासरी हा फरक झाकून टाकते.

जे रुग्ण या चाचण्यांत फारसे नव्हते त्यांच्याबाबत अधिक सावधगिरी हवी. मोठा गोळा, कवटीतील दाब वाढल्याची चिन्हे, शस्त्रक्रियेची गरज असलेले रुग्ण यांना १४० चा नियम आंधळेपणाने लावता येत नाही. तेथे वर दाखवलेला वजाबाकीचा हिशेबच मार्गदर्शक ठरतो. सुरुवातीचा दाब २२० किंवा त्याहून अधिक असलेल्या रुग्णांचे अटॅच-२ मधील वेगळे विश्लेषण सांगते की, त्यांचा दाब वेगाने खाली आणल्यास पहिल्या चोवीस तासांत मेंदूची स्थिती खालावण्याचे प्रमाण वाढते. अशा रुग्णांत तासाभरात ८० अंकांची उडी मारण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने उतरणे शहाणपणाचे.

औषधांची निवड करताना तीन गुण पाहिले जातात : लवकर लागू पडणे, लवकर ओसरणे आणि मात्रा बारकाईने वरखाली करता येणे. म्हणून पहिल्या दिवशी गोळ्यांऐवजी शिरेतून देण्याची औषधे वापरतात. निकार्डिपिन सिरिंज पंपाने तासाला ५ मिलिग्रॅमपासून सुरू करून गरजेनुसार १५ पर्यंत वाढवतात. लॅबेटॅलॉल १० ते २० मिलिग्रॅम एक-दोन मिनिटांत सावकाश देऊन दहा मिनिटांनी दाब पाहून पुन्हा देतात. भारतातील रुग्णालयांत हेच औषध अधिक परिचयाचे आहे, मात्र दम्याच्या रुग्णांत आणि नाडी मंद असलेल्यांत ते टाळावे लागते. नायट्रोग्लिसरिन आणि नायट्रोप्रुसाइड ही औषधे मेंदूतील वाहिन्या रुंदावून कवटीतील दाब वाढवू शकतात, त्यामुळे ती शक्यतो वापरीत नाहीत. परंतु औषध कोणते यापेक्षा पुष्कळदा मोजणी कशी यावर उपचार उभा राहतो किंवा कोसळतो. पहिल्या काही तासांत दर पाच ते पंधरा मिनिटांनी दाब पाहावा लागतो; पट्टा दंडाच्या घेराला साजेसा असावा लागतो, कारण जाड दंडावर अरुंद पट्टा बांधला की आकडा खोटा चढतो; लुळा पडलेला हात सोडून दुसऱ्या हातावर मोजावे लागते; आणि एक अवाजवी आकडा दिसला म्हणून लगेच मात्रा वाढवण्याआधी तो पुन्हा मोजून पाहावा लागतो. रात्रपाळीच्या परिचारिकेकडे दहा रुग्ण असतील तर हे घडत नाही, आणि मग उत्तम औषधाचाही उपयोग मर्यादित राहतो.

रुग्णालयात पोचण्यापूर्वी काय करावे, हा प्रश्न ग्रामीण महाराष्ट्रात अधिक निकडीचा आहे, कारण सीटी स्कॅनचे यंत्र तालुक्याच्या गावी असेलच असे नाही आणि स्कॅन केल्याशिवाय गुठळीचा पक्षाघात व रक्तस्रावाचा पक्षाघात यांतील फरक खात्रीने ओळखता येत नाही. चीनमध्ये २,४०४ रुग्णांवर रुग्णवाहिकेतच उपचार करून पाहिलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरॅक्ट-४ या चाचणीने हा पेच उघडा केला. युरॅपिडिल नावाच्या औषधाने वाटेतच दाब उतरवला असता एकूण निकालात काहीच फरक पडला नाही. पण पुढे स्कॅनवर निदान पक्के झालेल्यांत ज्यांना रक्तस्राव होता (असे ४६.५ टक्के निघाले) त्यांची स्थिती सुधारली, आणि ज्यांना गुठळीचा पक्षाघात होता त्यांची बिघडली. एकाच सुईने एकाचे भले आणि दुसऱ्याचे नुकसान झाल्यामुळे बेरीज शून्य झाली होती. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये त्वचेवर नायट्रोग्लिसरिनची पट्टी लावून झालेल्या चाचण्यांतही लाभ दिसला नाही. उलट रक्तस्रावाच्या रुग्णांत हानीची चिन्हे दिसली आणि नेदरलँड्समधील चाचणी त्याच काळजीने वेळेआधी थांबवावी लागली. तेव्हा निदान होण्यापूर्वी सर्वांचा दाब उतरवणे आज समर्थनीय ठरत नाही. त्या वेळेत करण्याजोगे काम म्हणजे रुग्णाला सीटी स्कॅन असलेल्या ठिकाणी लवकरात लवकर पोचवणे.

या संदर्भात एका जुन्या सवयीचा उल्लेख अटळ आहे. निफेडिपिनची मऊ कॅप्सूल टोचून तिच्यातील द्रव जिभेखाली पिळायचा, आणि काही मिनिटांत आकडा खाली आला की समाधान मानायचे, ही पद्धत लहान दवाखान्यांतून अजून पूर्ण गेलेली नाही. या औषधाने दाब किती आणि किती वेगाने पडेल याचा अंदाज बांधता येत नाही, आणि एकदा पडलेला दाब लगेच वर आणता येत नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि मृत्यू यांच्या नोंदी जमा झाल्यानंतर १९९६ मध्येच अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकातून या वापराला आळा घालण्याची मागणी झाली होती. गुठळीचा पक्षाघात झालेल्या रुग्णाला, ज्याचा उरलेला मेंदू चढ्या दाबावरच तग धरून असतो, ही कॅप्सूल देणे सर्वांत घातक. आणि रुग्ण त्या प्रकारचा नाही हे दवाखान्यात बसून कोणालाही सांगता येत नाही.

दाब एकटा सुधारून भागत नाही, हे २०२३ मध्ये लॅन्सेटने प्रसिद्ध केलेल्या इंटरॅक्ट-३ ने दाखवले. भारत, चीन, पाकिस्तान, श्रीलंका, व्हिएतनाम, नायजेरिया, ब्राझील अशा दहा देशांतील ७,०३६ रुग्णांवर एका तासात वरचा दाब १४० खाली, रक्तातील साखर ठरलेल्या मर्यादेत, ताप ३७.५ अंश सेल्सिअसच्या आत, आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम तातडीने उलटवणे, अशी चार कामे एकत्र करण्याची शिस्त लावली गेली, तेव्हा वाईट परिणामाची शक्यता सुमारे १४ टक्क्यांनी घटली. यातील एकही काम महागड्या यंत्राचे नाही. साधनांची वानवा असलेल्या रुग्णालयांतून आलेला हा निकाल आपल्याकडील जिल्हा रुग्णालयांना पाश्चात्य अतिदक्षता विभागांतील निकालांपेक्षा अधिक जवळचा मानावा.

शिरेतील औषधाकडून गोळीकडे जाण्याचा टप्पा साधारणपणे पहिल्या एक-दोन दिवसांनंतर, प्रकृती स्थिरावल्यावर येतो आणि येथे घाई व दिरंगाई दोन्ही नडतात. रुग्णाला गिळता येते की नाही हे आधी पाहावे लागते, अन्यथा गोळी आणि पाणी श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होतो. गिळता येत नसेल तर नाकातून घातलेल्या नळीवाटे औषध देतात, मात्र सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटून देणे टाळतात, कारण दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. क्लोनिडिन किंवा बीटा-ब्लॉकर वर्गातील औषधे रुग्ण आधी घेत असेल आणि ती अचानक तुटली असतील तर दाब उसळी मारतो, म्हणून जुन्या गोळ्यांची चौकशी नातेवाइकांकडे पहिल्याच दिवशी व्हायला हवी. अ‍ॅम्लोडिपिनसारखी दीर्घकाळ टिकणारी औषधे दाबातील चढउतार कमी करतात, हा त्यांचा मोठा गुण. टेल्मिसार्टन किंवा मूत्रल औषधे जोडताना क्रिएटिनिन, सोडियम व पोटॅशियम तपासून घ्यावे लागते.

यानंतरचा काळ वर्षांचा असतो. एकदा रक्तस्राव झालेल्याला तो पुन्हा होण्याचा धोका असतो आणि तो कमी करण्याचे सर्वांत भरवशाचे साधन रक्तदाबाचे नियंत्रण हेच आहे. पक्षाघात होऊन गेलेल्या ६,१०५ लोकांवरील प्रोग्रेस या चाचणीत, जिचा निकाल २००१ मध्ये आला, पेरिंडोप्रिल व इंडापमाइड या औषधांनी वरचा दाब सरासरी केवळ ९ अंकांनी उतरला, तरी नव्या पक्षाघातांचे प्रमाण २८ टक्क्यांनी आणि मेंदूतील रक्तस्रावाचे जवळजवळ निम्म्याने घटले. लहान वाहिन्यांच्या पक्षाघाताच्या रुग्णांवरील २०१३ च्या एसपीएस-३ या चाचणीत १३० खालचे लक्ष्य ठेवलेल्या गटात रक्तस्राव ६३ टक्क्यांनी कमी झाले. बॉस्टनमधील १,१४५ वाचलेल्या रुग्णांचा दीर्घकालीन मागोवा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. दाब नियंत्रणात नसलेल्यांना पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका तीन-चार पट आढळला, आणि महत्त्वाचे म्हणजे हा संबंध खोल रक्तस्रावांइतकाच अमायलॉइडमुळे होणाऱ्या बाहेरच्या रक्तस्रावांतही दिसला. वृद्धापकाळातील बाहेरचा रक्तस्राव दाबाशी निगडित नसतो, अशी जी समजूत होती ती यामुळे टिकत नाही. २०२२ च्या सूचनांत दीर्घकालीन लक्ष्य १३० वर ८० असे दिले आहे. पहिल्या दिवसाच्या चाचण्यांत फरक काही टक्क्यांचा आहे की नाही यावर वाद झडतात; येथे लाभ निम्म्याने मोजला जातो.

आणि तरीही औषधे सुटतात ती येथेच. दाब १२५ झाला म्हणजे आजार बरा झाला, मग गोळी कशाला, ही समजूत घरोघरी आहे. दाब १२५ आहे तो गोळीमुळे, हे रुग्णालयातून निघताना कोणी बसून समजावलेले नसते. देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील आकड्यांनुसार भारतातील २८.५ टक्के प्रौढांचा रक्तदाब वाढलेला होता, त्यांपैकी २७.९ टक्क्यांनाच त्याची जाणीव होती, १४.५ टक्के उपचार घेत होते आणि १२.६ टक्क्यांचा दाब नियंत्रणात होता. गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत ‘सर्च’ संस्थेच्या अभ्यासकांनी केलेल्या मृत्यूंच्या पाहणीत, जी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली, पक्षाघात हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले : एकूण मृत्यूंच्या १४.३ टक्के. त्यांतील ८७.३ टक्के मृत्यू घरी झाले आणि ४६.३ टक्के पहिल्या महिन्याच्या आत. दुसऱ्या शब्दांत, निम्म्याहून अधिक माणसे पहिला महिना पार करून नंतर गेली. हे आकडे सर्व प्रकारच्या पक्षाघातांचे आहेत. पण पहिल्या तासाच्या उपचारांची कितीही सुधारणा झाली तरी या निम्म्यांपर्यंत ती पोचणार नाही, हे त्यांतून कळते.

केवळ माहिती देऊन हे साधते का, याची परीक्षाही भारतात झाली आहे. देशातील ३१ केंद्रांत ४,२९८ रुग्णांवर झालेल्या स्प्रिंट इंडिया चाचणीत १२ भाषांतून मोबाइल संदेश, चित्रफिती आणि एक पुस्तिका देण्यात आली; गोळ्या नियमित घेण्याचे प्रमाण थोडे सुधारले, परंतु पुन्हा होणारे झटके व मृत्यू कमी झाले नाहीत आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला तिचा निकाल नकारार्थी ठरला. संदेशाने मोजणी होत नाही आणि मात्राही बदलत नाही. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाची दिशा वेगळी आहे : २०१७ च्या अखेरीस महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या या उपक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रावर ठरावीक क्रमाने ठरावीक गोळ्या, प्रत्येक भेटीत मोजणी, आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा यांवर भर आहे. रक्तस्रावातून वाचलेल्या रुग्णाला याच साखळीत जोडता येते, परंतु शहरातील रुग्णालय त्याला जी महागडी संयुक्त गोळी लिहून देते ती गावच्या केंद्रात मिळत नाही आणि महिनाभरात तुटते.

मिठाचा प्रश्नही औषधांपासून वेगळा काढता येत नाही, कारण लोणचे, पापड, सुकट आणि फरसाण रोजच्या ताटात राहिले तर गोळ्यांची संख्या वाढवावी लागते. पोटॅशियमयुक्त पर्यायी मिठाने पक्षाघाताचे प्रमाण घटते हे चीनच्या ग्रामीण भागात २१ हजारांच्या आसपास लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. मूत्रपिंडे अधू असलेल्यांनी किंवा टेल्मिसार्टनसारखी औषधे घेणाऱ्यांनी मात्र ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. सांधेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, दारू आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार ही दाब न उतरण्याची इतर नेहमीची कारणे.

रुग्ण घरी जाताना त्याच्या हाती दिल्या जाणाऱ्या कागदावर आज बहुधा स्कॅनचा अहवाल सविस्तर असतो आणि रक्तदाबाविषयी एक ओळ असते. त्या कागदावर लक्ष्याचा आकडा, निघतानाचा उभ्याने व बसून मोजलेला दाब, दोन आठवड्यांनंतरच्या मोजणीची तारीख, ती मोजणी कोणत्या आरोग्य केंद्रात व्हायची त्याचे नाव, दाब १३० च्या वर राहिल्यास कोणती गोळी किती वाढवायची, आणि गोळी कोणाच्याही सांगण्यावरून स्वतःहून बंद करू नये ही सूचना, मराठीत आणि ठळक अक्षरांत असायला हवी. आणि लिहिलेल्या गोळ्या त्या केंद्राच्या औषध-खिडकीवर मिळणाऱ्या अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन याच यादीतल्या असाव्यात.